निम्मे परदेशी, मग टीम जपानची कशी?

जपानच्या रग्बी टीमबद्दल तुम्ही हे विचारलंत म्हणून सांगते. पुण्यात गेले की हा प्रश्न चहाच्याही आधी येतो. पहिल्यांदा तो विचारला आमच्या काकांनी, 2019च्या दिवाळीत. फराळाची बशी मांडीवर घेऊन मी त्यांना फोनवर जपान-स्कॉटलंड मॅचचे तुकडे दाखवत होते. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन पार नाकाशी नेला आणि म्हणाले, "हा दाढीवाला कोण? गोरा दिसतोय. आणि हा डोंगरासारखा? अगं, निम्मे परदेशी दिसतायत, मग टीम जपानची कशी?"

काकांचा हिशेब बरोबर होता. त्या वर्षीच्या रग्बी वर्ल्ड कपसाठी जपानने निवडलेल्या 31 जणांत 15 जण बाहेरच्या देशांतून आलेले होते. नियमाचं उत्तर सोपं आहे. रग्बीत एखाद्या देशाकडून खेळायला तिथला पासपोर्ट लागत नाही. तुमचा जन्म तिथला असावा, किंवा आईवडील, आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी. तेही नसेल तर त्या देशात सलग 3 वर्षं राहिलेले असलात तरी चालायचं. (पुढे त्या 3ची 5 वर्षं झाली.) काकांना हे समजावलं तर म्हणाले, "म्हणजे भाडेकरूला मालकी हक्क!" पेठेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटणं अवघडच.

मी स्वतः योकोहामात भाडेकरू. जपानीतून मराठी-इंग्रजीत आणि उलट, यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करणं हे काम. 2019पर्यंत रग्बीशी माझा संबंध एवढाच, की आमचे काचो, म्हणजे विभागप्रमुख, मेइजी विद्यापीठाचे. डिसेंबरचा पहिला रविवार आला की ते जांभळा-पांढरा मफलर गुंडाळून गायब व्हायचे आणि सोमवारच्या त्यांच्या आवाजावरून मेइजी जिंकलं की हरलं हे आम्हाला कळायचं.

मग 20 सप्टेंबरला जपानमध्येच वर्ल्ड कप सुरू झाला. रशियाविरुद्धच्या 30-10 विजयाचं कुणाला फार नवल वाटलं नाही. 28 सप्टेंबरला शिझुओकामध्ये आयर्लंड होतं, स्पर्धेला जागतिक क्रमवारीत पहिल्या नंबरवर आलेलं. काचोंनी आम्हा चार-पाच जणांना स्टेशनजवळच्या इझाकायात, म्हणजे खाण्यापिण्याच्या अड्ड्यावर बसवलं होतं. पहिल्या अर्ध्याच्या शेवटाकडे एक स्क्रम झाला. दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी घालून एकमेकांना रेटत होते आणि जपानने आयर्लंडच्या त्या पहाडांना मागे सारलं. पेनल्टी मिळाली. स्क्रममधून उठला तो एक प्रॉप, म्हणजे पुढच्या रांगेतला रेटणारा गडी, आकाशाकडे तोंड करून अक्षरशः गर्जला. इझाकायातले सगळे त्याच्याबरोबर ओरडले.

तो गू जिवोन. कोरियन. त्याचे वडीलही कोरियाकडून खेळलेले आणि जपानमध्ये होंडाच्या टीममध्ये होते. मुलगा इथेच ओइतामधल्या शाळेत आणि ताकुशोकु विद्यापीठात शिकला, मग त्याच होंडात लागला. ते दिवस आठवा. त्या उन्हाळ्यात जपान-कोरियाचं व्यापारावरून इतकं बिनसलं होतं की टीव्हीवर रोज संध्याकाळी तोच विषय. आणि इथे बिअरचे ग्लास घेतलेले जपानी काका लोक एका कोरियन पोरासाठी टेबलं बडवत होते. जपान 19-12 जिंकलं. घरी जाताना काचो मला म्हणाले, "आज आमचा प्रॉप बघितलास?" 'आमचा' हा शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला होता. माझ्या मात्र तो कानात अडकून बसला.

13 ऑक्टोबरचं सांगायलाच हवं, कारण त्याच्या आदल्या रात्री मी घाबरून झोपलेच नव्हते. हागिबिस तुफान आमच्या डोक्यावरून गेलं. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्टीच्या फुल्या मारलेल्या, बादल्या पाण्याने भरून ठेवलेल्या, फोनवर दर अर्ध्या तासाने नदीचा इशारा. योकोहामाचं स्टेडियम त्सुरुमी नदीच्या काठी आहे आणि खांबांवर उभं आहे. नदीला पूर आला की पाणी मुद्दाम त्या खालच्या मोकळ्या जागेत घ्यायचं आणि वस्ती वाचवायची, अशी ती योजना. त्या रात्री तसंच झालं. खाली पाणी साठलेलं आणि वर रात्रभर माणसं मॅचच्या तयारीत. बळींसाठी मौन पाळून संध्याकाळी मॅच सुरू झाली.

जपान 28, स्कॉटलंड 21. मात्सुशिमाचा ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं), फुकुओका केन्कीचे दोन. पण पुन्हा पुन्हा बघावा तो इनागाकीचा. होरिएकडून मूर, मूरकडून तुपोउ आणि तुपोउकडून इनागाकी, प्रत्येकाने पडता पडता हातातला चेंडू पुढच्याच्या हाती सोपवलेला. एक जपानी, दोन ऑस्ट्रेलियात वाढलेले, पुन्हा एक जपानी. काकांना मी दाखवत होते तो तुकडा हाच. गू मात्र सुरुवातीलाच दुखावून रडत बाहेर गेला होता.

टोकियोच्या भागात त्या मॅचला 39.2 टक्के प्रेक्षक टीव्हीपुढे होते आणि पुढच्या आठवड्यात दक्षिण आफ्रिकेने 26-3ने घरी पाठवलं तेव्हा 41.6. वर्षाअखेरीस 'वन टीम' हा त्या वर्षाचा गाजलेला शब्द ठरला. हे दोन शब्दी घोषवाक्य मग टूथपेस्टपासून ऑफिसच्या बैठकींपर्यंत इतकं वापरलं गेलं की मला त्याचा वीट आला. आमच्या ऑफिसात ओव्हरटाइम करवून घ्यायलाही ते कामी आलं.

त्याच तुफानाच्या दिवशी उत्तरेला, कामाइशी नावाच्या गावात नामिबिया-कॅनडा मॅच रद्द झाली. कॅनडाचे खेळाडू हॉटेलात बसून राहिले नाहीत, फावडी घेऊन रस्त्यांवरचा चिखल काढायला गेले. कामाइशी हे पोलादाच्या कारखान्याचं गाव. शिन-नित्तेत्सु कामाइशी ही तिथली कारखान्याची टीम 1979 ते 1985 अशी ओळीने 7 वर्षं जपानची विजेती होती. 2011च्या त्सुनामीत उनोसुमाई भागातली शाळा वाहून गेली, मुलं डोंगराकडे पळाली म्हणून वाचली, आणि त्याच जागेवर हे छोटं स्टेडियम बांधलं गेलं. त्सुनामी आली तेव्हा गावच्या टीममध्ये स्कॉट फार्डी नावाचा ऑस्ट्रेलियन होता. त्याच्या दूतावासाने बाहेर काढायची तयारी दाखवली, तो गेला नाही. गावकऱ्यांबरोबर मदतीचं सामान वाहत राहिला. हा माणूस जपानकडून कधीच खेळला नाही. 2015च्या वर्ल्ड कपची फायनल तो खेळला ती ऑस्ट्रेलियाकडून. काकांच्या हिशेबात तो शंभर टक्के परदेशी. कामाइशीत जाऊन तसं म्हणून बघा.

आता तुम्ही म्हणाल, ही माणसं जपानला येतातच कशाला? पैशासाठी काही येतात, खोटं कशाला बोलू. पण सगळ्यात मजेशीर दार उघडलं ते मणिचौकटीमुळे. हो, शाळेत आकडेमोडीला असते तीच. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांच्या राजाला सोरोबानचं, म्हणजे जपानी मणिचौकटीचं भारी कौतुक. म्हणून 1980मध्ये टोंगाहून दोन तरुण दाइतो बुन्का विद्यापीठात सोरोबान शिकायला आले. आले होते मणी सरकवायला, लागले माणसं सरकवायला. दोघेही पुढे जपानकडून खेळले. मागून आलेला सिनाली लातू तर 1987च्या पहिल्या वर्ल्ड कपला विद्यार्थी असतानाच जपानच्या जर्सीत होता. नंतर टोंगाची मुलं जपानच्या शाळा-कॉलेजांत येतच राहिली.

लीच मायकल, म्हणजे काकांचा 'दाढीवाला गोरा', न्यूझीलंडमध्ये जन्मला आणि 15व्या वर्षी साप्पोरोच्या यामानोते हायस्कूलमध्ये आला. मग तोकाई विद्यापीठ, मग तोशिबा. 2013मध्ये नागरिकत्व घेतलं तेव्हा जपानी पद्धतीने आडनाव पुढे आणून मायकल लीचचा लीच मायकल झाला. शाळा, विद्यापीठ, कंपनी. जपानी माणूस ज्या तीन घरांतून मोठा होतो त्याच तीन घरांतून तो आला. माझं गाडं यांतल्या तिसऱ्याच घरात सुरू झालं, म्हणून असेल, मला त्याचा जरा हेवाच वाटतो.

वर्ल्ड कपआधी मियाझाकीच्या शिबिरात असताना ही सगळी टीम ह्यूगामधल्या एका मंदिरात गेली होती. जपानच्या राष्ट्रगीतात बारीक खडे एकत्र येऊन मोठी शिळा होते असं म्हटलंय, तशी एक शिळा त्या मंदिरात आहे. तिच्यापुढे उभं राहून त्यांनी राष्ट्रगीत म्हटलं. मी त्याचं फार काही करणार नाही, कारण अशा गोष्टी कॅमेऱ्यासाठीही होतात. पण पुढे टीव्हीवर मी ओठ बघत होते. शब्द सगळ्यांना पाठ होते.

डिसेंबर आला आणि काचोंनी विचारलं, "खरी रग्बी बघायचीय?" त्यांच्या मते वर्ल्ड कप ही पाहुण्यांची रग्बी, घरची रग्बी विद्यापीठांची. वासेदा विरुद्ध मेइजी. वासेदा चेंडू आडवा फिरवतं, मेइजी उभं घुसतं, असं म्हणायची रीत आहे. मेइजीला 67 वर्षं शिकवणाऱ्या किताजिमा चुजींचा मंत्र एकच होता: पुढे. 1 डिसेंबरला चिचिबुनोमियाच्या जुन्या मैदानावर मी काचोंशेजारी बसले. दोन्ही टीम तोवर अजिंक्य, एकही जागा रिकामी नाही. मेइजीने 36-7ने धुव्वा उडवला. सोमवारी ऑफिसभर काचोंनी केक वाटला.

पण काळ असा की 11 जानेवारीला राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेच्या फायनलला पुन्हा तेच दोघे समोरासमोर. तेही नव्या कोऱ्या नॅशनल स्टेडियमवर, तिथली पहिलीच रग्बी. 57 हजारांवर लोक आले होते, आणि ही कॉलेजच्या पोरांची मॅच. अर्ध्या वेळेला फलक बघितला: वासेदा 31, मेइजी 0. काचो भाताचा ओनिगिरी हातात धरून बसले होते, एक घास तुटलेला, दुसरा नाही. नंतर मेइजीने 35 गुण काढले, पण मॅच 45-35ने गेली. वासेदा 11 वर्षांनी जिंकलं. मग त्यांच्या मुलांनी मैदानात गोल धरून एक गाणं म्हटलं. ते फक्त या स्पर्धेत जिंकलं तरच म्हणायचं, एरवी नाही. 11 वर्षं विद्यापीठातून मुलं शिकून गेली, पण ती संधी त्यांच्या वाट्याला आली नाही. आमच्या मागच्या रांगेतला एक पिकल्या केसांचा वासेदावाला ओठ घट्ट मिटून रडत होता. काचो उठले, त्याला वाकून नमस्कार केला, म्हणाले, अभिनंदन. आणि मला म्हणाले, "चल, गाडी गर्दीची होईल."

त्या दिवशी मैदानात दोन्हीकडची नावं जपानी होती. काका असते तर खूश झाले असते. पण जपानला ही रग्बी शिकवली कुणी? 1899मध्ये केइओ विद्यापीठात तनाका गिन्नोसुकेच्या जोडीने ती सुरू केली एडवर्ड ब्रॅमवेल क्लार्क नावाच्या इंग्रजीच्या शिक्षकाने. हा क्लार्क जन्मला कुठे, तर योकोहामात. तो परदेशी की जपानी, हे काकांना मी अजून विचारलेलं नाही.

कंपन्यांच्या टीमची टॉप लीग दुसऱ्याच दिवशी, 12 जानेवारीला सुरू झाली. इथे सोमवारी सकाळी टाय लावून ऑफिसात फायली सरकवणारे आणि शनिवारी ऑल ब्लॅक्सच्या, म्हणजे न्यूझीलंड टीमच्या माजी कॅप्टनशेजारी खेळणारे, असे दोन्ही प्रकार एकाच टीममध्ये असायचे. तोयोताच्या स्टेडियमवर 37 हजारांवर माणसं आली. वर्ल्ड कपची हवा अजून होती. मग करोना आला. फेब्रुवारीच्या शेवटी मॅचेस थांबल्या आणि 23 मार्चला लीग रद्द झाल्याचं जाहीर झालं. त्या वर्षी विजेताच नाही. सनवूल्व्ह्ज ही सुपर रग्बी या परदेशी टीमबरोबरच्या स्पर्धेतली जपानची टीमही त्याच वर्षी बंद पडली. त्या हंगामाची सुरुवात तिने फुकुओकातली पहिली मॅच जिंकून केली होती. माझ्या फ्रिजवर मार्चच्या एका मॅचचं तिकीट कितीतरी दिवस चुंबकाखाली होतं.

या गोंधळात एकाचा निरोप तेवढा नीट झाला. ल्यूक टॉम्प्सन, न्यूझीलंडचा, 2004मध्ये जपानला आलेला. 2010मध्ये नागरिकत्व घेतलं, जपानकडून 4 वर्ल्ड कप खेळला, ओसाकाच्या बोलीत असे विनोद करायचा की टोकियोवाल्यांना ते समजायचे नाहीत. 2020च्या जानेवारीत, वयाच्या 38व्या वर्षी त्याने बूट टांगले आणि न्यूझीलंडला शेती करायला गेला.

गेल्या खेपेला काकांना मी मोठ्या हौसेने त्याचीच गोष्ट सांगितली. नागरिकत्व, बोली, 4 वर्ल्ड कप, सगळं. काकांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"म्हणजे शेवटी घरी गेलाच ना?"

मग चहा ओतता ओतता म्हणाले, "तुझं काय ठरलंय?"

मी म्हटलं, "काका, साखर कमी घाला."