बोल्ड घ्या

"कुलदेवतेचं नाव जरा बोल्ड घ्या." इंदुरात राजवाड्याच्या आसपास लग्नपत्रिका छापणाऱ्या कुठल्याही दुकानात दुपारी तासभर टेका, हे वाक्य कानावर पडणारच. 'ठळक' म्हणायची पद्धत आकाशवाणीच्या बातम्यांपुरती उरली. पडद्यासमोरचा मुलगा बटण दाबतो आणि 'ज्येष्ठ'मधल्या 'ष'चं पोट काळं होतं. फॉन्टमध्ये जाड अक्षरं वेगळी काढलेली नसली की कॉम्प्युटर साध्या अक्षराच्याच कडा फुगवतो. 'क्ष', 'ध' बुजतात, 'सर्वांना'तला अनुस्वार रफाराला चिकटतो, आणि कागद खरबरीत असेल तर उरलेली फट शाई भरून काढते. उपाय दोनच. जाड वजन (म्हणजे रेषेची जाडी) मुद्दाम घडवलेला फॉन्ट घ्यायचा ('मुक्ता'त सात वजनं आहेत, 400 म्हणजे साधं, 700 म्हणजे ठळक), नाहीतर जाडीचा नाद सोडून अक्षर दोन पॉइंट मोठं करायचं. दुसरा उपाय जास्त चांगला, पण पत्रिकावाल्यांना तो मिळमिळीत वाटतो.

ही ठळकपणाची हौस तशी अलीकडची. मजकुराच्या ओळीत नीट मांडी घालून बसेल असं जाड वळण लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, 1845 साली 'क्लॅरेंडन' नावाने नोंदवलं. शब्दकोशातला शब्द आणि त्याचा अर्थ डोळ्यांना वेगवेगळे दिसावेत, ही त्याची मोठी सोय.

पण अक्षराला शूर का म्हणायचं? इंग्रजीत 'बोल्ड' म्हणजे मुळात शूर, आणि शब्द जुना आहे. जुन्या इंग्रजीत तो 'बेआल्ड' होता. त्या काळचे 'एआल्ड', 'चेआल्ड' पुढे 'ओल्ड', 'कोल्ड' झाले, तसाच हा 'बोल्ड'. नावांमध्ये मात्र जुना 'बाल्ड' टिकून राहिला: बाल्डविन म्हणजे शूर मित्र, आर्चिबाल्ड म्हणजे अस्सल शूर. टकलाचा 'बाल्ड' निराळा, त्याचा शौर्याशी संबंध नाही. क्रिकेटमधला 'बोल्ड'ही निराळा, तो चेंडूच्या फ्रेंच 'बूल'वरून आला. देवनागरीत दोघांचं स्पेलिंग एकच, त्यामुळे 'पहिल्याच चेंडूवर बोल्ड' वाचून फलंदाजाचं कौतुक करायचं की कीव, हे संदर्भावरून ठरवावं लागतं. आयर्लंडमध्ये 'बोल्ड' पोरगं म्हणजे व्रात्य पोरगं. आपला 'आगाऊ' तिथे चपखल बसेल.

गंमत जर्मनांनी केली. त्यांच्याकडे हाच शब्द 'बाल्ट' असा उच्चारतात आणि आज त्याचा अर्थ आहे 'लवकरच'. शूर माणूस थांबत नाही, झटकन करतो. झटकन झालेलं लवकर होतं. एवढ्या दोन पायऱ्यांत तलवार गेली आणि घड्याळ उरलं.

आपल्याकडे तरी काय वेगळं झालं? संस्कृतात 'सहस्' म्हणजे बळ. बळाच्या जोरावर केलं ते साहस, आणि ते काही कौतुकाचं नव्हतं. धर्मशास्त्रात साहस हा गुन्हा आहे, जबरदस्ती आणि लुटालूट त्यातच येतात. मनुस्मृतीत दंडाच्या पायऱ्यांनाही हेच नाव आहे: प्रथम साहस अडीचशे 'पण' (त्या काळचं नाणं), मध्यम पाचशे, उत्तम हजार. आज मुलांना साहस शिबिराला पाठवताना फी आपण भरतो, ती दंड म्हणून नव्हे एवढंच. त्याच 'सहस्'चं 'सहसा', म्हणजे बळाने, म्हणून झटक्यात, म्हणून अचानक. हिंदीत ते तिथेच थांबलं. मराठीत आणखी सरकत 'साधारणपणे' झालं, म्हणजे जवळजवळ उलटंच. पुण्यात याने कोणाचं अडत नाही. इंदुरात सकाळच्या हिंदी पेपरात सहसा म्हणजे अचानक आणि त्याच घरात आजीच्या तोंडी सहसा म्हणजे नेहमीसारखं, आणि दोन्ही अर्थ एकाच चहावर नांदतात.

दुकानात काकूंनी पिशवी उचलता उचलता विचारलं, पत्रिका कधी मिळतील?

"चार दिवसांत. आमच्याकडे सहसा उशीर होत नाही, काकू."

बाकावर पाळीची वाट बघत बसलेले हिंदीभाषक भाईसाहब हसले. त्यांच्या कानाने ऐकलं तर उशीर होणार, फक्त अचानक होणार नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या काकूंनी बाकीची रक्कम पत्रिका हातात आल्यावर द्यायचं ठरवलं.