जाडी शाबूत, पॅड निकामी

आमच्या गॅरेजमध्ये टो करून आणलेल्या एका गाडीच्या मालकांनी घडलेली हकीकत थोडक्यात सांगितली. लांबच्या उतारावर ब्रेक दाबताच पुढच्या उजव्या चाकाकडून मोठा आवाज झाला, पाठोपाठ लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर सुरू झाली आणि पेडल जवळजवळ तळाला गेले. गाडीत घरची माणसे होती. खालचा गिअर आणि हँडब्रेक यांच्या जोरावर त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली होती. पुढचे ब्रेक पॅड (पोलादी पट्टीवर घर्षणाचा थर बसवलेले, चाकाची गती रोखणारे भाग) काही महिन्यांपूर्वीच दुसऱ्या गॅरेजमध्ये बदललेले असल्यामुळे "पॅड तर नवीनच आहेत" असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि त्यांचे म्हणणे खरे होते.

चाक काढले तेव्हा आतल्या पॅडच्या जागी नुसती पोलादी पट्टी डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, टेकलेली दिसली. डिस्कवर खोल चरे पडले होते, उष्णतेने ती निळसर झाली होती आणि कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचा) पिस्टन इतका बाहेर आला होता की त्याच्या सीलभोवती ब्रेक ऑइल पाझरत होते. घर्षणाच्या थराचा एक मोठा तुकडा कॅलिपरमध्येच अडकून राहिला होता. त्याची जाडी व्हर्नियरने मोजली, तर ती ८ मिमी भरली. नव्या पॅडवर हा थर साधारण १० ते १२ मिमी असतो आणि तो ३ मिमीच्या आसपास आला की पॅड बदलतात. म्हणजे पॅड झिजले नव्हते, तर निम्म्याहून अधिक आयुष्य शिल्लक असताना थर पट्टीपासून सुटून आला होता. त्याने मोकळी केलेली जागा भरून काढण्यासाठी पिस्टनला एकाएकी तेवढे अंतर पुढे सरकावे लागले आणि एका दाबात पुढे जाणारे ऑइल त्याला पुरले नाही, म्हणून पेडल खाली गेले.

खरा दोष त्या पट्टीवर दिसत होता. चांगल्या पॅडची पट्टी छऱ्यांच्या माऱ्याने खडबडीत केलेली असते, तिच्यावर चिकटद्रव्याचा थर देतात आणि घर्षणाचे मिश्रण उष्णता व दाबाखाली तिच्यावर बसवून नंतर भट्टीत पक्के करतात. असा पॅड जबरदस्तीने फोडला, तर मिश्रण स्वतःच्या आत फाटते आणि त्याचा बराच भाग पट्टीला चिकटून राहतो. इथे मात्र पट्टी कोरी व गुळगुळीत होती, तिच्यावर कारखान्यात पोलाद तापवून लाटताना बसलेली काळी खपली तशीच होती आणि मधूनमधून गंज धरला होता. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे कडेने ओल शिरली की तो वरचा थर आतून उचलू लागतो.

मग डावे चाक उघडले. तिथले पॅड दिसायला उत्तम होते, जाडीही सारखी होती. बारीक स्क्रूड्रायव्हरचे टोक कडेला लावून हातानेच जरा जोर दिला, तर थराचा अर्धा भाग पट्टीवरून उचलला गेला.

"म्हणजे हेही असेच सुटणार होते?" मालकांनी विचारले. मी हो म्हटले.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही की, सर्व्हिसिंगच्या वेळी आपण पॅडची जाडी पाहतो आणि त्या तपासणीत हे पॅड बिनदिक्कत पास झाले असते. मूळ उत्पादकाचे नसलेले सगळेच सुटे भाग वाईट, असे मी कधीच म्हणणार नाही. गाडी कंपन्यांना माल पुरवणारे कितीतरी उत्पादक तेच भाग स्वतःच्या नावानेही विकतात. संयुक्त राष्ट्रांच्या 'आर ९०' नियमानुसार मान्यता मिळालेल्या बदली पॅडना थर किती घट्ट बसला आहे याची कसोटी द्यावी लागते, आणि त्यांची ब्रेक लावण्याची क्षमता मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. या पॅडवर मान्यतेची खूण नव्हती आणि बॅच क्रमांकही नव्हता, फक्त खोके देखणे होते.

आम्ही दोन्ही डिस्क, पॅड आणि कॅलिपरची सील बदलली, ऑइल पूर्ण नवे भरले आणि गाडी चालवून पाहिली. सुटलेला थर, पट्ट्या आणि माझा लेखी अहवाल मालकांच्या स्वाधीन केला. पॅड बसवणाऱ्या गॅरेजला मी स्वतः फोन करून फोटो पाठवले. तिथल्या प्रमुखांनी वाद घातला नाही. उरलेले संच बाजूला काढून, त्याच मालातले पॅड बसवलेल्या इतर गाड्यांच्या मालकांना त्यांनी त्याच संध्याकाळी फोन करायला सुरुवात केली.