तीन मीटरवरची माणसं

तीन मीटर म्हणजे नेमकं किती, हे मला टेप न लावता सांगता येतं. आमच्या हॉलमधल्या सोफ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत. उभ्या रिक्षाची पूर्ण लांबी आणि वर थोडं. मंडईत गाळ्यासमोर दोन गिऱ्हाइकं उभी असतील, तर त्यांच्या पाठीमागून भाजीवालीच्या चेहऱ्यापर्यंत. संसारात या ज्ञानाचा काडीचा उपयोग नाही, पण माझा कॅमेरा याच ज्ञानावर चालतो.

कॅमेरा कॅनन कंपनीचा. कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री असं त्याचं लांबलचक नाव, १९७२ साली बाजारात आलेलं जपानी मॉडेल. हा रेंजफाइंडर, म्हणजे यात लेन्समधून बघायचंच नाही. लेन्सच्या वर वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. जवळच आणखी एक बारकी खिडकी असते. तिच्यातून येणारी प्रतिमा पहिलीच्या मधोमध एका पिवळसर ठिपक्यात दिसते. समोरच्या माणसाला आधी दोन नाकं असतात. लेन्सची कडी फिरवत न्यायची, दोन्ही नाकं एकावर एक बसली की फोकस झाला. कॅमेऱ्याचं वय झाल्यावर हा ठिपका फिका पडतो. त्यावर उपाय म्हणजे खिडकीच्या मध्यावर काळ्या टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवायचा. ठिपका पुन्हा उठून दिसतो. मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम विरघळून डांबरासारखा चिकट होतो. तिथे मी काळी लोकर भरली आहे. स्वेटरची.

लेन्समधून दिसत नसल्यामुळे लेन्सवरचं झाकण न काढता अख्खा रोल मारणारे लोक या पंथात पुष्कळ आहेत. ही पद्धत मुळात सोयीचीच नाही. १९५९ साली निकॉन एफ आला आणि लेन्स जे बघते तेच डोळ्याला दाखवणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्यांनी व्यावसायिकांच्या हातातून रेंजफाइंडर जवळजवळ काढूनच घेतले. लांबची लेन्स लावायची, फुलावरची मुंगी टिपायची, तर आरसाच हवा. फक्त त्या आरशाची एक खोड आहे. बटण दाबलं की तो वर उचलला जातो आणि जो क्षण टिपायचा, नेमक्या त्या क्षणी डोळ्यासमोर अंधार होतो. रेंजफाइंडरच्या खिडकीत अंधार होत नाही. माणूस हसला, हात हलवला, तोंड फिरवलं, सगळं बघत बघत बटण दाबता येतं.

पण मला ही खिडकी आवडते ती वेगळ्याच कारणाने. फोटोत जेवढं येणार तेवढ्याची चौकट तिच्यात उजळ रेषांनी आखलेली असते, आणि रेषांच्या बाहेरचंही थोडं दिसत राहतं. डावीकडून सायकल येते आहे, उजवीकडून फुगेवाला निघाला आहे, हे चौकटीत शिरायच्या आधीच कळतं. यावर रस्त्यावरच्या फोटोग्राफीची पोथी लिहिणारे म्हणतात, की त्यामुळे क्षणाचा अंदाज बांधता येतो. येत असेल. मला रेषांबाहेरच्या त्या पट्टीत वेगळीच माणसं सापडली.

आपल्याकडे कुणी फोटो काढत असलं की येणारे-जाणारे थांबतात. हातात दुधाची पिशवी, काखेत छत्री, पाठीवर मुलाचं दप्तर, तरी थांबतात. फोटो खराब होऊ नये म्हणून. कुणी खाली वाकून तुरुतुरु पलीकडे जातो. काहीजण नुसतेच उभे राहतात आणि 'काढा, काढा' अशी मान हलवतात. आरशाच्या कॅमेऱ्यात ही माणसं दिसलीच नसती. माझ्या खिडकीत ती रेषेच्या बरोब्बर बाहेर, अदबीने ताटकळत उभी असतात, आणि मी ज्याच्यावर कॅमेरा रोखलेला असतो त्या जुन्या दरवाजापेक्षा कितीतरी बघण्यासारखी असतात. बरं, 'या ना, चालेल' म्हणावं तर पंचाईत होते. पिशवी मागे जाते, केसांवरून हात फिरतो आणि माणूस पासपोर्टच्या फोटोतला होऊन बसतो. मग मी दरवाजावर कॅमेरा धरल्याचं नाटक करते आणि शेवटच्या क्षणी चौकट जराशी सरकवते. हा थोडासा लबाडपणा आहे, पण तीन मीटरवरून केलेला.

ते तीन मीटर असे: ४०० ची, म्हणजे थोड्या उजेडातही चालणारी फिल्म, पुण्याचं ऊन, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, ११ वर, म्हणजे चांगलंच बारीक. लेन्सची कडी तीन मीटरवर लावून ठेवली की साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. नाकं जुळवत बसायला नको. कॅमेरा गळ्यात तयार असतो, उचलला की झालं. ढग आले किंवा मंडईच्या आत शिरलं की हे सुख संपतं आणि परत दोन नाकांचं एक करावं लागतं. पण उन्हात सगळं काम पायांचं. झूम नाही. माणूस मोठा हवा असेल तर चालत त्याच्याजवळ जायचं. आणि तीन मीटर म्हणजे बोलण्याचं अंतर. तेवढ्या अंतरावरून माणूस तुम्हाला विचारतो.

ही जातच रस्त्यावर जन्मली आहे. जर्मनीतल्या वेत्झलार गावी लाइट्स नावाच्या कंपनीच्या कारखान्यात ओस्कर बार्नाक नावाचा कारागीर होता. त्याला डोंगर चढायची हौस, त्यात दमा. तेव्हाच्या कॅमेऱ्यांच्या काचेच्या प्लेटांचं ओझं वाहवेना. म्हणून त्याने सिनेमाची फिल्म घेतली आणि सिनेमाच्या दोन चौकटी मिळून एक, अशी २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट धरून खिशात मावेल असा कॅमेरा केला. १९२० साली वेत्झलारला पूर आला तेव्हा पाण्यात बुडालेल्या गल्ल्यांचे फोटो त्याने त्या नमुन्याच्या यंत्रावर काढले. लायका या नावाने तो बाजारात आला १९२५ मध्ये. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर त्यात बसला १९३२ मध्ये, आणि १९५४ च्या एम-थ्रीमध्ये त्याची खिडकी अशी काही साधली, की आजही लोक तिच्यासाठी एका सेकंडहँड मोटारसायकलचे पैसे मोजतात.

मोजण्याआधी मात्र नीट बघावं. सोव्हिएत संघात लायकाच्या हुबेहूब नकला झाल्या. खारकीव्हला अनाथ मुलांच्या एका वसाहतीत १९३४ पासून फेड नावाचा कॅमेरा बनू लागला, आणि १९४८ पासून मॉस्कोजवळ झोर्की. दोन्ही आपल्या जागी चांगले. पण पुढे कुणीतरी त्यांच्यावरची नावं घासून 'लायका' कोरायला सुरुवात केली. एवढ्यावर भागेना, तेव्हा सोनेरी मुलामा दिला, १९३६ च्या ऑलिंपिकची वर्तुळं काढली. असले सोनेरी लायका जगभरच्या जुन्या बाजारांत भेटतात. मुंबईच्या चोर बाजारात एक विक्रेता मला असाच एक हिटलरच्या काळातला म्हणून दाखवत होता. मुलामा दिवाळीच्या पणतीवर असतो त्या जातीचा होता. झोर्की म्हणून मागितला असता तर मी घेतलाही असता.

लायका हातात घेऊन रस्त्यावर फिरणाऱ्यांचा कुलगुरू म्हणजे फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून तो कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी टेप लावायचा. १९४७ साली तो भारतात आला. परळच्या गिरणगावातल्या ज्योतिषाच्या दुकानाचा त्याचा फोटो तेव्हाचा. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत तो गांधीजींना भेटून निघाला आणि थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली. त्या रात्री बिर्ला हाउसच्या फाटकावर चढून नेहरू जमावाला ती बातमी सांगत आहेत, हा फोटो त्याचाच. अपुरा उजेड, चित्र हललेलं, दाणेदार. आजच्या कुठल्याही फोनने तो साफसूफ करून दिला असता. माझ्या मते त्यातला थरकाप त्या हलण्यातच आहे. असो.

सांगायचं ते हे, की पॅरिसमध्ये काळी टेप लावून अदृश्य होता येत असेल. पुण्यात नाही. इथे तुम्ही एखाद्या भिंतीकडे नुसतं टक लावून पाहा, दोन मिनिटांत तीन माणसं शेजारी येऊन त्याच भिंतीकडे पाहू लागतात. चौथा विचारतो, "काय झालं?" सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता मी भिंतीकडे बघत उभी राहते ती त्यांच्यासाठीच.

प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "कुठल्या पेपरात येणार?" कुठल्याच नाही म्हटलं की चेहरा पडतो. दुसरा, "रोल मिळतो अजून?" हा प्रश्न विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे, आणि त्यांना उत्तर नकोच असतं. त्यांच्या घरी अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. एका रोलवर बारा फोटो यायचे, महाबळेश्वरला गेले तर बारात सगळं बसवावं लागे, त्यातला एक मेव्हण्याने डोळे मिटून वाया घालवला. ते सांगत असतात आणि हातांनी हवेत कॅमेरा धरून दाखवतात, डोळ्याशी, दोन्ही कोपरं अंगाला चिकटवून. त्यांचे फोटो मी त्याच वेळी काढते. मुलांचं वेगळं. क्लिक झालं रे झालं की ती धावत कॅमेऱ्याच्या मागे येतात. मागे नुसतं काळं झाकण. "दाखव ना!" "दिसत नाही रे यात." "मग काढलास कशाला?" या मुळावरच्या प्रश्नाला माझ्याकडे खरंच उत्तर नाही. रोल हजाराच्या घरात गेला आहे, छत्तीस फोटो, धुण्याचे पैसे वेगळे.

न बघण्याची चैन मात्र वेगळीच आहे. अमेरिकेतला गॅरी विनोग्रांड लायकावर रस्तेच्या रस्ते टिपायचा आणि रोल मुद्दाम वर्षभर धुवायचा नाही. फोटो काढतानाच्या आनंदामुळे निवड चुकते, असं त्याचं म्हणणं. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेलेच मागे राहिले. माझे असतात फ्रिजमध्ये, लोण्याच्या कप्प्यात, आणि सासूबाईंनी कप्पा रिकामा करायला सांगितला की धुवायला जातात.

धुऊन आले की ओळखीच्यांचे प्रिंट काढून नेऊन द्यायचे, हा माझा नेम. तीन मीटरवरून माणसाने तोंड दाखवलं, तर आपणही नंतर तोंड दाखवायला हवं. मंडईबाहेर पालेभाज्या घेऊन बसणाऱ्या एका मावशींना परवा त्यांचा फोटो नेऊन दिला. माझ्या हिशेबाने त्या रोलमधला तो सर्वात चांगला. हातात मेथीची जुडी, त्या कुणाला तरी भाव सांगताहेत, आणि कडेला एक माणूस पिशवी धरून फोटो संपायची वाट बघतो आहे. मावशींनी तो उन्हाकडे धरला, लांब नेला, जवळ आणला.

"एवढी हिरवीगार जुडी, काळी केली की ओ ताई तुम्ही!"

फिल्मच काळी-पांढरी असते, असं मी सांगू लागले.

"आणि हा कोण उपटसुंभ?"

त्या कडेच्या माणसावर मी थोडं बोलणार होते, तेवढ्यात त्यांनी पलीकडे कोथिंबीर निवडत बसलेल्या नातवाला हाक मारली. "ये रं, मोबाइल आण. ताईंना दाखव फोटो कसा काढत्यात."

त्याने पाच-सहा फोटो पटापट काढले आणि आजीला दाखवले. मेथी हिरवी आली होती. मावशींनी तीच जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि वीस रुपये मागितले.