चांपानेर ते पावागड: सपाटीवर धाव, चढावर चाल

वडोदऱ्याहून सुमारे 50 किलोमीटरवर असलेला पावागड बहुतेकांना कालिकामातेच्या दर्शनामुळे परिचित असला, तरी त्याच्या पायथ्याचा चांपानेरचा परिसर लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठीही उत्तम आहे. डिसेंबरअखेर वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आम्ही काही मंडळी पहाटे तेथे पोहोचलो. वडा तलावाकडून चांपानेरच्या जामा मशिदीवरून पुढे जायचे, जुन्या दगडी वाटेने डोंगराच्या मधल्या सपाट टप्प्यापर्यंत, म्हणजे माचीपर्यंत चढायचे, तेथून पायऱ्यांनी मंदिराखाली पोहोचून परतायचे आणि दम उरल्यास सपाटीवर आणखी एक फेरी मारायची, असा बेत होता.

सपाटीवर आम्ही पहिल्या मिनिटापासून चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे हा क्रम ठेवला. ही पद्धत अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी 1970च्या दशकापासून लोकप्रिय केली. दमल्यावर नाइलाजाने चालणे आणि दमण्याआधी ठरवून चालणे यांत मोठा फरक आहे, कारण पोटऱ्या एकदा भरून आल्या की मिनिटभराच्या चालण्याने त्या मोकळ्या होत नाहीत. आमच्यातील एका काकांना मात्र हे पटेना. ‘‘अहो, चालायचेच होते तर वडोदऱ्यातली कमाटीबाग काय वाईट होती?’’ असे म्हणून ते पुढे निघून गेले.

त्यांची गाठ पडली ती अटक दरवाजाच्या वरच्या चढावर. तेथील दगड शतकानुशतकांच्या वर्दळीने इतके गुळगुळीत झाले आहेत, की बुटाचा पुढचा भाग टेकवून धावल्यास पाऊल मागे सरकते. पूर्ण तळवा टेकवला तरच पकड मिळते. काका वीस-पंचवीस पावले धावत आणि कमरेवर हात ठेवून उभे राहत. तेवढ्यात डोक्यावर पाण्याची खोकी घेतलेला एक हमाल एकाच संथ लयीत त्यांच्या शेजारून वर निघून गेला. काकांनी काहीच न बोलता हात मांड्यांवर टेकवले आणि ते आमच्याबरोबर चालू लागले. तीव्र चढावर धावण्याचा वेग चालण्याइतकाच उरतो, श्रम मात्र जास्त पडतात. म्हणून डोंगरी शर्यतींतील अनुभवी धावपटूही असे चढ चालतच चढतात. चढताना सलग एक वाक्य बोलता येत नसेल, तर वेग कमी करावा.

माचीपासून वर यात्रेकरूंची गर्दी असल्यामुळे धावणे अशिष्टपणाचेच ठरते. उतरताना लहान पावले टाकावीत, कारण मांड्यांवर खरा ताण चढापेक्षा उतारावर येतो. दुसऱ्या फेरीत आम्ही क्रम बदलून दोन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे असा केला, आणि आश्चर्य म्हणजे सर्वांनी ती पूर्ण केली.

नवरात्रांच्या दिवसांत येथे धावण्यासाठी येऊ नये. पावसाळ्यात विश्वामित्रीच्या उगमाचा हा डोंगर देखणा दिसतो, पण दगड निसरडे होतात. पाणी माचीवर पुन्हा भरून घ्यावे. मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि राजगिऱ्याचे लाडू चालण्याच्या मिनिटातच खावेत, मात्र माकडांच्या देखत पिशवी उघडू नये. ऊन तापण्याआधी चढ संपवायचा असल्यास वडोदऱ्याहून पहाटे चारलाच निघावे.