१४व्या शतकातले एक पुस्तक सासूबाईंना वाचून दाखवताना

पुस्तकाने पहिल्याच पानावर मला दारातून परत पाठवले. ‘द क्लाउड ऑफ अननोइंग’ या १४व्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी ग्रंथाच्या प्रस्तावनेत लेखक वाचकाला आण घालतो, की ज्याने ख्रिस्ताच्या मागे अखेरपर्यंत जाण्याचा मनापासून निश्चय केलेला नाही, त्याच्या हाती हे पुस्तक पडू देऊ नये. बडबडे, उघडपणे स्वतःची किंवा दुसऱ्याची स्तुती-निंदा करणारे, इकडचे तिकडे सांगणारे आणि निव्वळ कुतूहलापोटी वाचणारे, मग ते विद्वान का असेनात, या सर्वांनी दूर राहावे, असे त्याचे म्हणणे आहे. मी ख्रिस्ती नाही आणि इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यानंतर मोकळ्या वेळेत हे पुस्तक उघडले ते कुतूहलानेच, तेव्हा किमान दोन कलमांखाली मी अपात्र ठरते. तरीही वाचले. वाचायचे तर मधलेच काहीतरी उचलून वाचू नये, सगळे वाचावे, ही त्याची दुसरी अट मात्र मी पाळली. प्रकरणे ७५ आहेत, पण बहुतेक अगदी आटोपशीर आहेत.

लेखकाने स्वतःचे नाव कोठेही ठेवलेले नाही. पुस्तक लिहिले आहे ते २४ वर्षांच्या एका तरुण शिष्यासाठी. इसवी सन ५००च्या सुमारास डायोनिसियस या नावाने लिहिणाऱ्या एका ग्रंथकाराचे ऋण तो मान्य करतो; देवाविषयी जे जे म्हणता येईल ते सर्व अपुरे पडते, या त्या ग्रंथकाराच्या विचारावरच ही सगळी मांडणी उभी आहे. मी वाचली ती एव्हलिन अंडरहिल यांनी १९१२ साली संपादित केलेली प्रत. जुन्या इंग्रजीची चव तिच्यात बरीच टिकून आहे आणि त्यामुळे वाचन आपोआप सावकाश होते.

सासूबाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून रात्री जेवणानंतर त्यांना काहीतरी वाचून दाखवण्याचा आमच्या घरी परिपाठ आहे. एरवी पोथी असते. एके रात्री त्यांनी विचारले, “तू दुपारभर पेन्सिल घेऊन काय वाचत बसतेस, तेच वाच की.” त्या माळकरी, पंढरीची वारी अनेकदा केलेल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी वाचता वाचता तोंडीच मराठी करू लागले आणि नावापाशीच अडखळले. ‘अननोइंग’ला अज्ञान म्हणता येईना, कारण आपल्या कानाला अज्ञान हा दोष वाटतो, तो घालवायचा असतो, आणि हा लेखक तर त्यात राहायला सांगतो. नेणीव हा शब्द सुचला, पण आजच्या मराठीत तो मानसशास्त्राने मनाच्या तळघरासाठी घेऊन टाकलेला आहे. मी असा घोळ घालत असताना सासूबाई म्हणाल्या, “जाणीव नेणीव भगवंतीं नाहीं.” हरिपाठातला हा चरण मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्यातली नेणीव त्या रात्री पहिल्यांदा ऐकली. पुस्तकाचे नाव आमच्यापुरते ‘नेणिवेचा ढग’ ठरले.

नाव ठरले, पण त्याबरोबर फरकही दिसला. ज्ञानदेवांच्या चरणात भगवंताच्या ठायी जाणीवही नाही आणि नेणीवही नाही. इथे नेणीव हाच माणूस आणि देव यांच्यामधला ढग आहे. तो बुद्धीने भेदता येत नाही, म्हणून त्याच्याखाली थांबून प्रेमाच्या ओढीने त्याच्यावर पुन्हा पुन्हा आघात करत राहायचे आणि जगातल्या बाकी सगळ्या गोष्टी आपल्या पायाखालच्या दुसऱ्या ढगात, विसराच्या ढगात, ढकलायच्या. विचाराने देव हाती लागत नाही, प्रेमाने लागतो, हे या पुस्तकाचे मुख्य सांगणे. सहाव्या प्रकरणात शिष्य विचारतो, की देवाचा विचार करायचा तरी कसा, आणि तो आहे तरी काय? गुरू उत्तर देतो, “मला माहीत नाही.” सासूबाईंनी तिथे मला थांबवले आणि गुरूच असे म्हणतो का, याची खात्री करून घेतली.

सातव्या आणि पुढे ३७व्या प्रकरणात प्रार्थनेची रीत येते. एकच शब्द घ्यावा, तोही जितका लहान तितका चांगला. ‘गॉड’ किंवा ‘लव्ह’ यांसारखा, एका ठोक्यात उच्चारता येणारा. घराला आग लागली की माणूस लांबलचक वाक्ये बोलत नाही, एकच शब्द ओरडतो आणि त्याने माणसे धावून येतात, हा त्याचा दाखला. मराठी करताना मला गंमत वाटली ती अशी की, देव, प्रेम आणि आग हे आपले शब्द लिहिताना दोन अक्षरी असले तरी बोलताना एकाच दमात, एका ठोक्यात संपतात. आमच्या घरामागे टॉवेलचा कारखाना आहे आणि मागांचा आवाज रात्री उशिरापर्यंत येत असतो; त्या तालावर ‘देव’ हा शब्द सहज बसतो, हे मी करून पाहिले आहे.

“मोजायचं नाही?” सासूबाईंचा प्रश्न. मोजायचे नाही. इतकेच नव्हे, तर त्या शब्दाचा अर्थ फोडून सांगू का, असे एखाद्या विचाराने विद्वत्तेच्या बळावर विचारले, तर मला तो अख्खाच हवा, असे त्याला सांगायचे. आयुष्यभर शब्दांची फोड करून मुलांना शिकवलेल्या बाईला हे वाक्य थोडे झोंबले.

अशा वेळी “हे तर आपल्याकडे आधीपासूनच आहे” असे म्हणून पुस्तक मिटण्याचा मोह होतो आणि माझ्या मते मध्ययुगीन ख्रिस्ती लेखन वाचताना आपण मराठी वाचक सर्वात जास्त फसतो ते इथेच. नामस्मरण आणि हा शब्द एक नव्हेत. पंढरीच्या माणसाला रूप हवे असते, विटेवरचे पाय हवे असतात. हा लेखक तर देवाच्या दयाळूपणाविषयीचे आणि ख्रिस्ताच्या यातनांविषयीचे चिंतनसुद्धा, ते सुरुवातीला आवश्यक आहे असे बजावूनच, या साधनेच्या वेळी विसराच्या ढगाखाली ठेवायला सांगतो. सासूबाईंना ते मुळीच पटले नाही आणि मला त्यांचे न पटणे माझ्या घाईच्या समन्वयापेक्षा अधिक प्रामाणिक वाटले.

एक युक्ती मात्र त्यांना लगेच कळली. ध्यानाला बसल्यावर नको ते विचार समोर उभे राहिले तर त्यांच्याशी झुंजू नये. त्यांच्या खांद्यांवरून पलीकडे पाहावे, जणू आपण दुसरेच काही शोधत आहोत. हे ३२व्या प्रकरणात आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला उभे राहिलेल्या सोलापूरकराला हे समजावून सांगावे लागत नाही. पुढची माणसे हलत नसतात, त्यांच्याशी भांडून उपयोग नसतो. टाचा उंचावायच्या आणि पाहायचे.

सिद्धेश्वराचे नाव निघाले म्हणून आणखी एक. पुस्तकातली सलग काही प्रकरणे मार्था आणि मरिया या बायबलमधल्या दोन बहिणींवर खर्ची पडली आहेत. मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतलेली, मरिया येशूच्या पायांशी नुसती बसलेली, आणि तक्रार करते ती मार्था. लेखक न काम करणारीचा कैवार घेतो, पण मार्थेला दोषही देत नाही. तिला या साधनेची माहिती नव्हती, म्हणून ती तसे बोलली, एवढेच म्हणतो. सिद्धेश्वर म्हणून पुजल्या जाणाऱ्या, आपल्या सोलापूरच्या १२व्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांविषयी ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात जी कथा आहे, तिच्यात तक्रार उलट दिशेने येते. तलाव खोदण्याच्या कामात गढलेल्या सिद्धरामांना कन्नड संतकवी अल्लमप्रभू टोचून बोलतात, की बाहेर खोदण्यात आत काय साधले? मरियेने मार्थेला सुनावल्यासारखे हे झाले. संध्याकाळी तलावाच्या काठाने चालताना मला दोन्ही बाजू पटतात. सिद्धराम अल्लमांचे ऐकून शिवयोगी म्हणून पूज्य झाले, हे खरे. पण आपण ज्याच्या काठाने चालतो तो तलाव त्या टोचणीच्या आधीच्या कामाचा आहे.

५३वे प्रकरण मी मुद्दाम एका शनिवारी, घरात पाहुणे असताना वाचले. त्यात साधनेचे सोंग आणणाऱ्यांची वर्णने आहेत. कोणी डोक्यात टोला बसलेल्या मेंढीसारखी टक लावून बसतो, कोणी कानात किडा शिरल्यासारखी मान एका बाजूला टाकतो, कोणी बोलायच्या ऐवजी चिरकतो. सगळे हसले. सासूबाईंनी आपल्या भजनी मंडळातल्या तिघींची नावे घेतली आणि लगेच जीभ चावली, कारण इकडचे तिकडे सांगणाऱ्यांना पुस्तकात मनाई आहे, हे त्यांच्या पक्के लक्षात होते.

आता दुसरे वाचन सुरू आहे. पोथीचा दिवस नसेल त्या रात्री त्या स्वतःच आठवण करतात, आणि सुरुवातीला नेहमी एकच मागणी असते, “ते ‘मला माहीत नाही’वालं आधी वाच, मग पुढं जा.”