नवी बॅच

आज नवी बॅच आमच्या सर्जरीच्या वॉर्डात आली. इंटर्नच्या ॲप्रनची इस्त्री अजून मोडली नव्हती. कालपर्यंत ज्युनिअर असलेली रेसिडेंट त्यांना ड्रेनमधलं, म्हणजे ऑपरेशननंतर ठेवलेल्या नळीतून येणारं पाणी कसं मोजायचं, रंग कसा लिहायचा, ते दाखवत होती. तिच्या आवाजातला ठामपणा ऐकून मला फार बरं वाटलं.

पहिल्या दिवशी मी टाके शिकवत नाही. गाठी सरावाने बसतात, दोरा सतत खिशात हवा एवढंच. मी शिकवते फोन करायला. रात्री नाडी १२० झाली, लघवी ताशी ३० मिलीच्या खाली गेली, पोट कडक लागलं, तर मला उठवा. माझ्या पहिल्या वर्षी सिनिअर रागावतील म्हणून मी पहाटेपर्यंत थांबले होते. पेशंट वाचला, पण आतडं जास्त कापावं लागलं. तो बेड अजून डोळ्यांसमोर येतो.

मग ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची सुरक्षित शस्त्रक्रियेची चेकलिस्ट १९ मुद्द्यांची आहे. त्यात छेद घेण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. इंटर्ननेही. एकदा स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारलं की "मॅडम, रक्त टिपायचा एक मॉप कमी आहे" म्हणताना जीभ अडखळत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

संध्याकाळी एक इंटर्न दारात घुटमळत होती. "मॅडम, सात नंबरच्या आजोबांचं पोट सकाळपेक्षा फुगलेलं वाटतंय. सांगण्यासारखं आहे का?"

"आहे. चल, बघू."