मुतखडा झालेल्या मुलांचा आहार: माझा अनुभव

मुतखड्याच्या मुलांच्या आयांना आहार समजावण्याचं काम मी बेळगाव-खानापूर-निपाणी भागात करते. बाकीचं त्यांना पटकन पटतं. अडतं ते दवाखान्यातून सुट्टी देताना हातात ठेवलेल्या झेरॉक्स कागदापाशी. तो मोठ्या माणसांसाठी काढलेला, कानडी-इंग्रजीत छापलेला असतो आणि खाली पेनाने लिहिलेलं असतं: पालक बंद, टोमॅटो बंद, दूध बंद.

"कागदावर बंद लिहिलंय की ओ मॅडम!" इथून सुरुवात होते. पोराचं दूध, दही, ताक सगळं तोडलेलं असतं. खडा कॅल्शियमचा, दुधातही कॅल्शियम, मग दूध तोडा, असा तो हिशेब. तो उलटा आहे. मुलांमधले बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात; ऑक्झलेट म्हणजे पालक, काजू-बदाम अशा खाण्यातून येणारा एक घटक. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. दूध-दही काढलं की ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात जातं, लघवीत उतरतं आणि नवा खडा धरायला मदत करतं. वर वाढत्या वयातली हाडं उपाशी. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत रोजचं कॅल्शियम ४ ते ६ वर्षांना ५५० मिलिग्रॅम, ७ ते ९ वर्षांना ६५० आणि १० ते १२ वर्षांना ८५० आहे. गाईच्या १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम मिळतं. म्हणजे दिवसाला दोन कप दूध किंवा तेवढंच दही हवंच, उरलेलं भाकरी-भाजीतून येतं. क्वचित खरंच कारण असतं, उदाहरणार्थ व्हिटॅमिन डीचे थेंब जास्त झालेले असतात. तेव्हा डॉक्टर तपासणीचा आकडा दाखवून सांगतात. आकडा नसेल तर आईने परत जाऊन विचारावं: खडा कशाचा आहे, लघवीत कॅल्शियम किती आहे? एवढं विचारलं म्हणून कुणी रागावलं तर रागावू दे.

त्या कागदावर मिठाचा उल्लेखच नसतो, याचा मला जास्त राग येतो. जादा मीठ मूत्रपिंडातून बाहेर जाताना कॅल्शियमही सोबत ओढून नेतं. हे मी पाकिटावरून समजावते. चार मोठ्या माणसांना दिवसाला ५ ग्रॅमप्रमाणे किलोचं पाकीट ५० दिवस पुरायला हवं, मुलांना तर त्याहून कमी. बहुतेक घरांत महिन्यातच नवं पाकीट फुटतं. पापड, लोणचं, कुरकुरे, मसाला चिरमुरे यांतलं मीठ वेगळंच.

दुधाचं एक राहिलं: ते जेवणासोबत हवं, रिकाम्या पोटी नको. शेंगा चटणीत ऑक्झलेट असतं, पण आपण ती भाकरीसोबत दही घालूनच खातो, ते बरोबरच आहे. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने नकोत.

टोमॅटोत ऑक्झलेट फार नसतं, भाजीत घाला. कमी करायचं ते पालक, राजगिऱ्याची भाजी, अळू, बीट, काजू-बदाम आणि चॉकलेट. गोकाकचा करदंट, म्हणजे काजू-बदामाची मिठाई, घरी आला तर छोटा तुकडा पुरे. पालक करायचाच असेल तर उकडून पाणी फेकून द्या.

'भरपूर पाणी' सांगून काही होत नाही, माप सांगावं लागतं. ५ ते १० वर्षांच्या मुलाला दिवसाला दीड लिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे दोन लिटरच्या आसपास पिणं, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. उठल्यावर एक पेला, शाळेत लिटरची बाटली, उरलेलं घरी आल्यावर, झोपताना एक पेला. बाटली भरलेलीच परत येत असेल तर पोराला रागवू नका, शाळेतलं शौचालय बघा. घाण असलं की मुलं पाणीच पीत नाहीत. बाईंना भेटून मधल्या वेळेत सोडायला सांगा. लिंबूपाणी चांगलं, पण मीठ न घालता आणि साखर थोडी. हुलग्याचं कढण पाणी म्हणून द्या, खडा विरघळेल या आशेवर औषध थांबवू नका.

पोटात कळ येत असेल तेव्हा लघवी मलमलच्या फडक्यातून गाळा. खडा पडला तर वाळवून डबीत ठेवा आणि तपासायला द्या. युरिक ॲसिडचा, सिस्टिनचा किंवा संसर्गाचा निघाला तर पथ्य वेगळं असतं. कळ येऊन ताप आला, उलट्या थांबेनात किंवा लघवीच होत नसेल, तर पथ्यबिथ्य बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.